सव्वासहाची रिंग

९ जानेवारी

ताई,

फोनवर तीन मिनिटांच्या वर बोलता येत नाही, म्हणून पत्र. परवा तू "डॉक्टर म्हणाले" इतकंच म्हणालीस, मागून आईचा आवाज आला, "तीन मिनिटं झाली साहेब, लाइन मोकळी करा," आणि खट्. जन्मभर परक्यांचे फोन जोडले, आता पोटच्या पोराचा तोडते. मी रिसिव्हर धरून हसत बसलो. डॉक्टर काय म्हणाले ते लिही. तिचं ब्लडप्रेशर वाढलं असेल. मीठ कमी कर.

दुसरं काम असं. आमच्या वाचनालयाला पन्नास वर्षं होताहेत. दहा एप्रिलला संध्याकाळी सहाला कार्यक्रम आहे. सभासदांनी आपापल्या लहानपणच्या शहराविषयी लिहून आणायचं, वाचून दाखवायचं. मी चिटणीस, म्हणून सुरुवात माझ्यापासून. नोकरीत नकाशे काढले, ओळी कधी लिहिल्या नाहीत. पण कागद घेऊन बसलो आणि आपली गल्ली हातातून आपोआप उतरली. कोपऱ्यावर सायकल दुरुस्तीचं दुकान, पुढे कोळशाची वखार, मग आपली इमारत. तळमजल्यावर शिंपीकाका, वर आपण.

सगळ्यात आधी आठवली ती रिंग. आई टेलिफोन एक्स्चेंजमधून निघताना शिंपीकाकांच्या फोनवर एकदाच रिंग द्यायची आणि ठेवून द्यायची. ऑपरेटरनं घरी फोन केलेला चालत नसे, पण एका रिंगेला कोण काय म्हणणार? काका लाकडी गजानं छताला दोन ठोके मारायचे. मी वर जमिनीला कान लावून पालथा पडलेला. ठोके आले की ओरडायचो, "निघाली!" आणि तू भात टाकायचीस. भात उतरायच्या आत आई दारात.

काही गोष्टी पक्क्या हव्या आहेत. जिन्याला पायऱ्या किती? कठडा हिरवा होता की निळा? आणि माझ्या दहाव्या वर्षी आई एकदम वेळेवर घरी यायला लागली, ते नक्की कुठल्या महिन्यापासून? लेख त्या वर्षावरच आहे.

हे पत्र आईला वाचून दाखव.

तुझा बारक्या


२१ जानेवारी

बारक्या,

पायऱ्या एकोणीस. सातवी तेव्हाही तुटकी होती, आताही आहे. कठड्याला रंग नव्हता. हात लागून लागून काळा झाला होता.

आईला पत्र वाचून दाखवलं. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "आवाज नीट येत नाहीये, पुन्हा जोडून देते."

डॉक्टर आईबद्दल बोलत नव्हते, माझ्याबद्दल बोलत होते. पोटात गाठ आहे. काढायची, मग तपासायची, मग पुढचं सांगतील. बारा एप्रिलची तारीख मिळाली आहे. अकराला सकाळी दाखल व्हायचं. हॉस्पिटल आपलंच, आई पुढे जिथे फोनवर होती ते. दोन आठवडे तिथे आणि नंतर काही दिवस वजन उचलायचं नाही. आईला अंथरुणातून उचलूनच बसवावं लागतं. एकदा उभी राहिली की मात्र घरभर फिरते. मी जिन्यात भाजी घेते तेवढ्यात गॅसची बटणं फिरवून बघते. मोबाइल घेऊन गॅलरीत गेले तर दाराला आतून कडी घालते.

शिंपीकाकांची सून आता दुकान चालवते. दुपारी तासभर वर येऊन बसते. तिलाही दोनच हात आहेत.

तू महिनाभर येशील का? तू तिचा मुलगा आहेस म्हणून विचारत नाही. दुसरं कुणी नाही म्हणून विचारते. हो किंवा नाही, एवढंच लिही. त्यात पायऱ्या नकोत.

ताई


४ फेब्रुवारी

ताई,

पत्र वाचून फार काळजी वाटली. पण धीर सोडू नकोस. आमच्या शेजारच्या मास्तरीणबाईंची अशीच गाठ काढली, महिन्यात टुणटुणीत झाल्या. आता जिन्यात भेटल्या की मलाच धाप लागते.

येण्याचं मनात फार आहे. पण दहा तारखेचा कार्यक्रम माझ्या गळ्यात. शिवाय गुडघा. दीड दिवसाचा प्रवास आणि वर एकोणीस पायऱ्या, त्यातली सातवी तुटकी. आणि आलो तरी माझा उपयोग काय? बाईमाणसाचं करायचं, आंघोळ, कपडे. तुझी भावजय असती तर धावत आली असती. एखादी नर्स बघ. महिना-दोन महिने ठेवून घेणाऱ्या जागाही असतात हल्ली. स्वच्छ असतात म्हणे.

रागावू नकोस. हल्ली रिकामा बसलो की तेच वर्ष डोळ्यांपुढे येतं. त्याआधी आई कधी सातला यायची, कधी नऊला. जादा पाळी करून आली की कानांवर हात दाबून भिंतीला टेकून बसायची, आपण बोललेलं चालायचं नाही. आणि मग एकदम ते वर्ष. रिंग सव्वासहा म्हणजे सव्वासहाला. जराही दमलेली नसायची. जेवताना फोनवर ऐकलेल्या गोष्टी सांगायची. बोटात अंगठी अडकलेली नवरी. बायकोशी पंधरा वर्षं न बोललेला आणि आता ती कधी शुद्धीवर येते याची वाट बघणारा म्हातारा. आणि तू शाळेतून आलीस की काकांच्या दुकानात बटणांशी खेळत बसायचीस. मला आत येऊ द्यायची नाहीस. केवढा राग यायचा तुझा! पण त्या वर्षाइतकं सुख मला पुन्हा कुठे मिळालं नाही.

एक सुचलं आहे. येणं जमेल तेव्हा जमेल, पण या दहा तारखेपासून मी रोज सव्वासहाला एक रिंग देईन. उचलू नका. आईला बरं वाटेल.

बारक्या


१५ फेब्रुवारी

बारक्या,

रिंग बंद कर.

पहिल्या दिवशी रिंग वाजली आणि आई खुर्चीतून उठली. तांदळाच्या डब्यात हात घातला आणि मुठी मोजून भांड्यात टाकल्या. तिला मुठी आठवत होत्या. मला वाटलं, बारक्याला जमलं बुवा. मग ती दार उघडून उंबऱ्यात उभी राहिली.

"निघालीय," म्हणाली.

"कोण?"

"रिंग नाही ऐकलीस? निघालीय."

भात झाला, गार झाला. आई बसली नाही, जेवली नाही. ताट वाढलं तर मला म्हणाली, "थांब की जरा. वाटेत असेल. आपलं आपण गिळून घ्यायचं का?" नऊला पाय लटपटायला लागले तेव्हा मी आणि सूनबाईनं धरून आत नेलं. पाचही दिवस हेच. आज पाय सुजलेत.

आपल्या घरात रिंग म्हणजे 'आठवण आली' असं नव्हतं. 'निघाले, माझाही भात टाका' असं होतं. वाजवणाऱ्यानं यायचं असतं. जमिनीला कान लावून तूच पडायचास ना?

नर्स बघितली. एक येऊन गेली. आईनं तिला तीन मिनिटांत बाहेर काढलं.

भावजय असती तर तू तिलाच पाठवलं असतंस, ते मात्र खरं.

ताई


२५ फेब्रुवारी

ताई,

बंद केली. चुकलं.

गुडघ्याचं सांगितलं ते खोटं नाही, पण पूर्ण खरंही नाही. सहा वर्षांपूर्वी दोन दिवस आलो होतो. तू आत चहा टाकत होतीस. आईनं मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि विचारलं, "कोणता नंबर हवा, साहेब?" मी म्हटलं, "आई, मी बारक्या." तिनं हातातली रुमालाची घडी चाळली, जशी यादी बघावी तशी, आणि म्हणाली, "त्या नावाचं कनेक्शन नाही."

तू आतून हसलीस. मीही हसलो. परतीच्या गाडीत बसलो, तो पुन्हा तिकडचं तिकीट काढलं नाही.

इथे बसून लिहितो तेव्हा ती मला ओळखते.

लेख झाला. सोबत पाठवतो. आईला वाचून दाखवू नकोस, तूच वाच. शेवट असा केला आहे: "त्या वर्षी आई एकदाही उशिरा आली नाही." काही चुकलं असेल तर सांग. पुढे तिची हॉस्पिटलच्या फोनवर बदली झाली, ते घातलेलं नाही. विषय लांबतो.

बारक्या


८ मार्च

बारक्या,

लेख वाचला. अक्षर अजून नकाशावरच्यासारखं आहे. शेवटचं वाक्य खरं आहे. बाकीचं तुला तसं दिसलं, एवढंच.

दुरून डोंगर साजरे, आणि तू दीड दिवसाच्या अंतरावर. आता सांगते. हे मी कुणालाच सांगितलेलं नाही, आईलाही नाही.

त्या जुलैत एक्स्चेंज आपोआप चालणारं झालं. लोक स्वतःच नंबर फिरवायला लागले आणि बावीस बायकांना एका दिवसात घरी बसवलं. आई त्या दिवशी आली, जेवली, आपल्याला काही बोलली नाही. दुसऱ्या सकाळी नेहमीच्या वेळी डबा घेऊन बाहेर पडली.

सप्टेंबरात शाळेत माझ्या बाकावरच्या मुलीचा हात मोडला. बाईंनी मला तिच्यासोबत हॉस्पिटलात पाठवलं. तिथे बाहेरच्या पेशंटांसाठी लांब बाकं आहेत. तिसऱ्या बाकावर आई बसली होती. कामावरचे कपडे, मांडीवर डबा. त्या बाकांवर बसलेल्याला कुणी काही विचारत नाही. प्रत्येकाला वाटतं, हिचा नंबर यायचा आहे. डोक्यावर पंखा असतो, प्यायला पाणी असतं.

तिनं मला बघितलं. मी तिला बघितलं. तेवढ्यात मैत्रिणीचं नाव पुकारलं आणि आम्ही आत गेलो. बाहेर आलो तेव्हा ती तिथेच होती, समोरच्या भिंतीकडे बघत.

संध्याकाळी मी शिंपीकाकांच्या दुकानात बसले होते. मला वाटत होतं, आज रिंग येणार नाही. सव्वासहाला आली. काकांनी गज उचलला. वरून तुझा आवाज, "निघाली!" मी वर गेले आणि भात टाकला. आई आली. जेवताना तिनं अंगठी अडकलेल्या नवरीची गोष्ट सांगितली. तू हसून हसून पाणी सांडलंस. माझ्याकडे न बघता तिनं माझ्या ताटात डावभर भात जास्त वाढला. या विषयावर आमचं झालेलं बोलणं एवढंच.

त्या गोष्टी फोनवरच्या नव्हत्या, बाकांवरच्या होत्या. रिंग यायची ती हॉस्पिटलच्या दारातल्या सार्वजनिक फोनवरून. पलीकडून उचलला नाही की नाणं परत खाली पडतं. सात महिने तिला एकच नाणं पुरलं. दमलेली नसायची, कारण काम नव्हतं. वेळेवर यायची, कारण जादा पाळी नव्हती. आणि मी बटणांशी खेळत नव्हते. काकांची काज-बटणं करत होते. तुला आत येऊ दिलं असतं तर तू घरी जाऊन जेवताना सांगितलं असतंस. तुझ्या पोटात तेव्हा काही राहायचं नाही.

फेब्रुवारीत हॉस्पिटलच्या फोनवरची बाई आजारी पडली. खिडकीतल्या कारकुनानं बाकाकडे बघून हाक मारली, "अहो रोजच्या बाई, तुम्हाला फोन उचलता येतो का?" आई डबा बाकावर ठेवून उठली. हे सगळं त्या कारकुनानं मला नंतर सांगितलं. पुढे बावीस वर्षं तिथेच. याला तू बदली म्हणतोस. टेलिफोनातून हॉस्पिटलात बदली होत नाही रे. अठ्ठावन्न वर्षांचा झालास, एकदाही प्रश्न पडला नाही?

मी रागानं लिहीत नाही. राग यायलाही ताकद लागते. सांगायचं ते इतकंच, की सात महिने ती खोटं बोलून जात होती, पण रिंग खोटी नव्हती. रिंग दिली आणि आली नाही, असं एकदाही झालं नाही.

आई तुला ओळखणार नाही. मलाही ओळखत नाही. मला सुपरवायझरबाई म्हणते आणि मी खोलीत आले की ताठ बसते. तिनं ओळखावं म्हणून यायचं असेल तर येऊ नकोस. तिला उचलून बसवायला कुणीतरी हवं आहे.

ताई


२३ मार्च

ताई,

तुझं पत्र चार वेळा वाचलं.

लेख परत घेतला. अध्यक्षांना सांगितलं, माहिती अपुरी आहे. ते म्हणाले, "अहो, आठवणींना कसली माहिती लागते?"

नकाशा खात्यात आमचा एक नियम होता. जागेवर जाऊन मोजल्याशिवाय रेघ शाईनं ओढायची नाही, पेन्सिलनं ठेवायची. मी मात्र इथे बसून सगळं शाईनं काढत होतो.

काज-बटणांचं मला खरंच माहीत नव्हतं. तुझ्या बोटांना सुया टोचलेल्या असायच्या. मला वाटायचं, मांजर आहे काकांकडे.



बारक्या


३ एप्रिल

बारक्या,

काकांकडे मांजर कधीच नव्हतं.

तुझ्या पत्रात हो नाही आणि नाही पण नाही. मी वाट बघत बसू शकत नाही, म्हणून सोय केली. सूनबाईच्या ओळखीतून एक जागा मिळाली. जाऊन बघून आले. स्वच्छ आहे, तू म्हणतोस तसं. अकरा खाटा, दोन बायका. मी विचारलं, "फोन कुठे आहे?" म्हणाल्या, "ऑफिसात असतो, कुलपात." बरंच झालं म्हणायचं.

अकराला मी दाखल होईन. त्या दिवशी सूनबाई आईपाशी राहील. बाराला सकाळी दहाला त्यांची गाडी येईल आणि आईला घेऊन जाईल. फॉर्मवर 'पेशंटला कशानं बरं वाटतं' असा रकाना होता. मी तो रिकामा ठेवला.

तिला सांगितलं, थोडे दिवस दुसरीकडे जायचं आहे. म्हणाली, "बदली का?" मी हो म्हटलं.

तू मनाला लावून घेऊ नकोस. प्रत्येकाच्यानं सगळं होत नाही. माझंच बघ, हल्ली कपडे वाळत घालायचे तरी मधे दोनदा बसावं लागतं.

ताई


११ एप्रिल, सकाळ
(स्वयंपाकघरातल्या टेबलावर, साखरेच्या डब्याखाली)

बारक्या,

काल सव्वासहाला रिंग वाजली. एकच. मी हात पुढे केला होता, मग मागे घेतला.

त्या वेळी तुझा कार्यक्रम चालू असायला हवा होता, हे मला माहीत आहे. चुकून कुणाचा नंबर लागला असेल, असंही वाटून गेलं. आई उठली. मुठी मोजल्या, भांड्यात टाकल्या आणि दाराशी जाऊन उभी राहिली. मी म्हटलं, "आज नाही, परवा सकाळी पोचेल. लांबून येतोय." तिनं थोडा विचार केला. "ट्रंक कॉल आहे का?" म्हणाली, आणि येऊन जेवायला बसली.

नंतर मी त्या जागी फोन करून सांगितलं, बाराला गाडी पाठवू नका, आमचा माणूस निघालाय. त्या बाई म्हणाल्या, "नक्की ना? खाट दुसऱ्याला देऊ?" मी द्या म्हटलं. आता तू आला नाहीस तर माझ्याकडे दुसरं काही नाही, हे लिहून ठेवते. हे वाचत असशील तर आलाच आहेस.

किल्ली सूनबाईकडे आहे, ती तुला देऊन खाली जाईल. आता नीट वाच.

आईला उठवताना काखेत हात घालू नकोस, ओरडते. एक हात पाठीखाली, एक गुडघ्यांखाली, आणि आधी सांगायचं, "बाई, पाळी बदलली." मग स्वतःच अंग हलकं करते. आंघोळीला सूनबाई येईल, तुझ्यावर वेळ येणार नाही. निळ्या गोळ्या सकाळी, पांढरी जेवणानंतर. पांढरी ती गालात धरून ठेवते आणि नंतर उशीखाली ठेवते. तोंड उघडून बघ. गॅसची बटणं मी काढून ठेवली आहेत, ती शिवणाच्या डब्यात. लागेल तेव्हा लाव, झालं की काढ. चहा बशीत दे.

कोणता नंबर हवा म्हणून विचारेल. कुठलाही सांग. "लाइन व्यस्त आहे, थांबावं लागेल," असं म्हणेल. तेव्हा थांबायचं. तिच्याजवळ खुर्ची ओढून बसायचं आणि थांबायचं. तिला थांबणारी माणसं आवडतात. बारक्या वगैरे सांगत बसू नकोस.

सातवी पायरी सुताराकडून बसवून घेतली आहे. तुझ्या गुडघ्यासाठी.

मला भेटायला हॉस्पिटलात येऊ नकोस, ती एकटी पडेल. तिसरं बाक अजून आहे, रंग बदललाय. फोनही कुणी करायचे नाहीत, उगाच ती दाराशी जाऊन उभी राहील. गाठीचं काय निघतं ते मी आल्यावर सांगेन.

ज्या दिवशी सोडतील त्या दिवशी सव्वासहाला एक रिंग देईन. उचलू नकोस. तिघांचा टाक.

ताई